गॅस संपत नाही, गळतो

सोलापूरचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना उन्हाविषयी मी वेगळे काही सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. अशा दिवसांतही अम्मीला तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागते. वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांमुळे रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत, एसटीत चार-पाच तास बसवत नाही, आणि हृदयाचे दुखणे असल्याने उन्हाचा त्रास होऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावलेले. त्यामुळे आमची जुनी मोटार हाच आधार. गाडी १९९६ सालची, छोटी, दोन मालकांच्या हातांखालून माझ्याकडे आलेली. पर्यावरण कर भरून तिची नोंदणी पुन्हा करून घेतली आहे. इंजिन ठणठणीत आहे. एसी मात्र नावालाच होता. पंखा जोरात फिरायचा, आवाज व्हायचा, आणि समोरच्या जाळीतून कोमट वारा यायचा.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी गाडी एका दुकानात नेली. तिथल्या मुलाने जाळीसमोर हात धरला आणि निदान केले, ‘‘गॅस संपलाय.’’ गॅस भरला, गारवा आला, मी पैसे दिले. २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा तोच कोमट वारा, तेच निदान, तेच बिल. त्या दुसऱ्या वेळी मी जवळ उभा होतो. मुलाने एका नळीच्या तोंडावरची टोपी काढली, आतली पिन दाबली आणि उरलासुरला गॅस हवेत सोडून दिला. ‘स्स्स्’ असा लांबलचक आवाज आला आणि थांबला. त्या आवाजाचे मला तेव्हा काहीच वाटले नाही. कुकरची शिट्टी वाजावी, तसा तो मी ऐकला.

२०२४ च्या एप्रिलमध्ये इंदापूरच्या अलीकडे अम्मीला घेरी आली. गाडी झाडाखाली उभी केली, ओला टॉवेल डोक्यावर ठेवला, लिंबूपाणी पाजले. अर्ध्या तासाने ती सावरली आणि म्हणाली, ‘‘चल बेटा, मला काही झालं नाही.’’ पण मला झाले होते. परत आल्यावर मी जुन्या पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी म्हणालो, ‘‘मामा, गॅस संपलाय, भरून द्या.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘भाई, गॅस काय पेट्रोल हाय व्हय, जळून संपायला? बंद पायपातला माल हाय त्यो. कमी झाला म्हंजे कुठनं तरी गेला. कुठनं गेला त्ये आधी बघायचं, मग भरायचं.’’

मी कविता लिहिणारा माणूस. शब्दांवर माझा जीव. पण ‘संपला’ आणि ‘गेला’ या दोन शब्दांत एवढे अंतर आहे, हे मला एका गॅरेजमध्ये कळले. पुढे मी या गॅसचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आले की मामांनी मला विचारलेला प्रश्न जगाने स्वतःला विचारायला पस्तीस-चाळीस वर्षे लावली होती. आज त्याचीच हकिकत सांगतो.

आधी एसीचे काम कसे चालते ते पाहू. माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. तळहातावर स्पिरिट टाकले की हात गार लागतो, तेही यामुळेच. एसीत हेच घडते, फक्त उडून गेलेली वाफ पुन्हा पकडून आणली जाते. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर वायूला दाबतो, त्याने तो तापतो. गाडीच्या नाकाशी बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. दाब एकदम कमी झाल्याने तिथे तो उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. तिथून पुन्हा कॉम्प्रेसरकडे. हे चक्र बंद आहे. तेच अर्धा किलो शीतक फिरत राहते. त्यातले काही जळत नाही, खर्च होत नाही. रहाटाच्या पोहऱ्यांनी पाणी वर आणावे, तशी उष्णता आतून बाहेर आणून टाकणे, एवढेच त्याचे काम. पोहरे संपत नसतात.

आता इतिहासाकडे. यंत्राने गारवा निर्माण करण्याची विद्या एकोणिसाव्या शतकातच आली होती. पण सुरुवातीला त्यात वापरले जाणारे वायू भयंकर होते. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड. कुणी विषारी, कुणी पेट घेणारा. घरातल्या फ्रीजची नळी फुटली तर माणसे दगावण्याची भीती. मग असा वायू चार माणसे बसलेल्या बंद मोटारीत कोण नेणार?

अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीसाठी काम करणारे थॉमस मिजली नावाचे संशोधक होते. १९२८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी एक नवा पदार्थ पुढे आणला. कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांचे ते संयुग. पुढे ते ‘फ्रीऑन’ या व्यापारी नावाने आणि ‘आर-१२’ या क्रमांकाने ओळखले गेले. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलींनी हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूहळू सोडून पेटती मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध झाल्या. वायू विषारी नाही, आणि तो पेटत नाही. सभेला आणखी काय हवे होते?

याच मिजलींनी १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध लावला होता. त्याने इंजिनाची ठकठक थांबली, आणि जगभरच्या शहरांतल्या हवेत शिसे पसरले. भारतात शिसेमिश्रित पेट्रोल २००० साली थांबले. म्हणजे मोटारीच्या टाकीत शिसे आणि तिच्या गारव्यात क्लोरीन, दोन्ही एकाच माणसाची देणगी. मिजली वाईट माणूस नव्हते. समोरची अडचण सोडवण्यात ते हुशार होते. सोडवलेली अडचण पुढे कुठे जाऊन बसते, हे पाहायला मात्र ते राहिले नाहीत. पोलिओने अपंग झाल्यावर अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांचे एक साधन स्वतः तयार केले होते. १९४४ साली त्याच दोऱ्यांत अडकून त्यांचा मृत्यू झाला.

निर्धोक वायू हाती आल्यावर मोटारवाले पुढे सरसावले. १९३९ च्या अखेरीस पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४० च्या गाड्यांसाठी कारखान्यातच बसवलेला एसी जाहीर केला. किंमत २७४ डॉलर. त्याची थंड कॉइल मागच्या डिकीत असे आणि ती बरीचशी जागा खाऊन टाकी. गंमत म्हणजे तो बंद करायची सोयच नव्हती. कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर फिरतच राही. थंडी सुरू झाली की गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि पट्टा काढून ठेवायचा. आज आपण बटण दाबतो तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो, तो मॅग्नेट क्लचचा. पॅकार्डमध्ये तो नव्हता. अर्थातच ही सोय फार चालली नाही आणि दोन-तीन वर्षांत बंद पडली.

युद्धानंतर १९५३ साली क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांच्या महागड्या गाड्यांत एसी पुन्हा आला. १९५४ मध्ये नॅश कंपनीने संपूर्ण एसी बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे बसवून दाखवला. आजच्या गाड्यांतली रचना साधारण तीच आहे. मग मात्र अमेरिकेत त्याला धरबंध राहिला नाही. १९६९ पर्यंत तिथल्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्या एसीच्या झाल्या होत्या. त्या काळच्या मोठ्या गाड्यांत एका वेळी दीड किलोच्या आसपास आर-१२ भरला जाई.

आता मामांचा प्रश्न. तो गॅस कुठे गेला?

घरातला फ्रीज वर्षानुवर्षे चालतो, त्यात कुणी दर उन्हाळ्यात गॅस भरत नाही. कारण त्याचा कॉम्प्रेसर आणि मोटर एकाच झाळलेल्या पोलादी डब्यात असतात. मोटारीत तसे जमत नाही. तिथे कॉम्प्रेसरला इंजिनचा पट्टा फिरवतो. त्यासाठी कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर काढावा लागतो, आणि दांडा बाहेर आला की त्याच्याभोवती सील आले. शिवाय इंजिन सतत हलते आणि कंडेन्सर गाडीच्या सांगाड्याला घट्ट असतो. मधल्या नळ्या रबराच्या ठेवाव्या लागतात, आणि प्रत्येक सांध्यावर रबराची एक बारीक कडी, म्हणजे ओ-रिंग. सील झिजते, रबर वाळते, सांधे सैल होतात. धडधाकट गाडीतूनही थोडा थोडा वायू जातच असतो. जुन्या गाडीतून तो भराभर जातो.

अमेरिकेत यावर सोपा उपाय निघाला. आर-१२ चे छोटे डबे दुकानात मिळत. गारवा कमी झाला की डबा आणायचा, नळीला लावायचा, भरायचा. गळती शोधायला वेळ लागतो, पैसे लागतात. गॅस स्वस्त होता. मी २०२२ आणि २०२३ मध्ये जे केले, ते तिथे लाखो लोक वर्षानुवर्षे करत होते.

१९७१-७२ मध्ये जेम्स लवलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ स्वतः बनवलेले एक अतिसंवेदनशील उपकरण घेऊन ‘शॅकलटन’ या संशोधन जहाजावरून ब्रिटनहून अंटार्क्टिककडे गेले. फ्रीऑनच्या कुटुंबातला एक वायू त्यांना वाटेत जिथे जिथे हवा तपासली तिथे सापडला. कारखाना नाही, वस्ती नाही, अशा भर समुद्रातही. माणसाने बनवलेला वायू सगळीकडे होता. लवलॉक यांना तेव्हा त्यात धोका वाटला नाही. पण कॅलिफोर्नियात शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना या दोघांनी पुढचा प्रश्न विचारला. हा वायू पावसात विरघळत नाही, कशाशी संयोग पावत नाही, जमिनीजवळ नष्ट होत नाही, मग त्याचे शेवटी होते काय?

जून १९७४ मध्ये त्यांनी उत्तर छापले. तो वर चढत जातो. ओझोनच्या थरापर्यंत पोहोचल्यावर तिथल्या प्रखर अतिनील किरणांनी तो फुटतो आणि क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू नष्ट होण्यापूर्वी ओझोनचे जवळपास एक लाख रेणू मोडू शकतो. सूर्याचे घातक किरण अडवणारे आपल्या डोक्यावरचे छत्रच ते. ज्या गुणामुळे मिजलींनी तो वायू निर्धोक म्हणून छातीत भरून घेतला, तोच गुण घातक ठरला होता. कशाशीही न भांडणारा हा वायू म्हणूनच इतक्या उंचावर पोहोचत होता.

उत्पादकांनी बराच काळ विरोध केला. ही नुसती कागदावरची मांडणी आहे, असे म्हटले गेले. अमेरिकेने १९७८ मध्ये फवाऱ्याच्या डब्यांतून हे वायू बहुतांशी काढून टाकले, पण मोटारी आणि फ्रीज तसेच चालू राहिले. मग मे १९८५ मध्ये अंटार्क्टिकातल्या हॅली बे या ठाण्यावर काम करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मोजमापे प्रसिद्ध केली. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन ही त्यांची नावे. दक्षिण ध्रुवावर वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने कमी होत चालला होता. छत्राला भोक पडले होते. दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियल करारावर सह्या झाल्या. पुढे १९९५ मध्ये रोलंड आणि मोलिना यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीत आपण कुठे होतो? आपल्याकडे तेव्हा एसीची मोटार ही चैन होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी ज्यांना आठवते, त्यांना तिच्या पुढच्या दारातली तिकोनी काचही आठवेल. ती फिरवली की वारा आत येई, तोच आमचा एसी. हौशी लोक डॅशबोर्डखाली वेगळे यंत्र बसवून घेत, आणि मग चढावर इंजिन धापा टाकी. ती पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तर, आकाशात जे गळले होते, त्यात आपल्या गाड्यांचा वाटा अगदी नगण्य होता.

म्हणूनच जून १९९० मध्ये लंडनला करारातील देशांची बैठक झाली, तेव्हा भारताने सरळ हिशेब मांडला. तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी तिथे होत्या. बिघाड श्रीमंत देशांनी केला, तर नव्या वायूंचे तंत्र आणि त्यासाठीचा पैसा गरीब देशांना मिळाला पाहिजे, ही भारत आणि चीनची भूमिका होती. तिथेच बहुपक्षीय निधी ठरला. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. श्रीमंत देशांनी १९९६ पर्यंत हे वायू बनवणे थांबवायचे आणि आपल्यासारख्यांनी २०१० पर्यंत, अशी मुदत होती. भारताने दम्याच्या फवाऱ्यांसारखी अत्यावश्यक औषधी गरज वगळता १ ऑगस्ट २००८ लाच, म्हणजे सतरा महिने आधी, उत्पादन थांबवले. या काळात फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना राष्ट्रीय योजनेतून प्रशिक्षण दिले गेले. गॅस हवेत सोडू नका, आधी गळती शोधा, हा त्यातला पहिला धडा. हे वाचले तेव्हा मामांचे वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजले.

आर-१२ ची जागा मोटारींत आर-१३४ए ने घेतली. यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धक्का नाही. माझी गाडी नेमकी या बदलाच्या उंबरठ्यावर जन्मलेली. मामांनी बॉनेट उघडून दाखवले. जुन्या आट्याच्या तोंडांवर नव्या गॅसच्या टोप्या बसवलेल्या होत्या. म्हणजे गाडी जन्माला आली आर-१२ वर, आणि आधीच्या कुणा मालकाने ती नव्या गॅसवर आणली. अशा बदललेल्या गाड्यांत गारवा थोडा कमीच पडतो, कारण कंडेन्सर जुन्या गॅसच्या हिशेबाने केलेला असतो. शिवाय नव्या गॅसला कॉम्प्रेसरचे तेल वेगळे लागते. नुसता गॅस बदलला आणि तेल जुनेच ठेवले, तर तेल नीट फिरत नाही आणि कॉम्प्रेसर झिजतो.

मामांनी त्या दिवशी गॅसच्या सिलिंडरला हातच लावला नाही. आधी विचारले, ‘‘गाडी पळताना गार करते, का उभी असताना बी?’’ पळताना बरा आणि सिग्नलला कोमट, तर दोष बहुधा कंडेन्सरपुढच्या हवेत. पंखा मंद फिरत असेल, नाही तर कंडेन्सरच्या पापुद्र्यांत धूळ आणि किडे बसले असतील. माझ्या कंडेन्सरमधून त्यांनी हलक्या धारेने एवढी माती काढली की, फरशीवर चिखल झाला. मग कॉम्प्रेसरचा पट्टा दाबून पाहिला, घसरतो का. क्लच ‘टक्’ करून धरतो का. हीटरकडे गरम पाणी सोडणारी कॉक नीट बंद होते का. ती अर्धवट उघडी राहिली, तर एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम, असा कारभार चालतो. बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद होते का. कूलिंग कॉइलवर कचरा बसलाय का. वारा कमी आणि गार असेल, तर दोष कॉइलचा किंवा पंख्याचा. वारा भरपूर आणि कोमट असेल, तर पुढे बघायचे.

मग त्यांनी गेज लावले. एक घड्याळ कमी दाबाचे, एक जास्त दाबाचे. दोन्हीकडे दाब कमी, म्हणजे वायू कमी. ‘‘आता शोधायचं,’’ म्हणाले. वायूबरोबर थोडे तेलही फिरत असते. त्यामुळे जिथून वायू जातो, तिथे तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. टॉर्च घेऊन ते प्रत्येक सांधा पाहत गेले. कंडेन्सरच्या वरच्या सांध्यावर काळा डाग होता. साबणाचे पाणी लावले. बारीक बुडबुडे फुटू लागले. मी वाकून पाहत राहिलो. माझी दोन वर्षांची बिले तिथून बाहेर पडत होती.

आत उरलेला गॅस त्यांनी हवेत सोडला नाही. यंत्र लावून वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. सांधा उघडला, आतून एक ओ-रिंग निघाली. वाळून कडक झालेली, नखाने दाबली तर तुकडा पडला. गॅस बदलणाऱ्याने कडी तीच ठेवली होती. मामांनी सगळ्याच उघडता येणाऱ्या सांध्यांच्या कड्या बदलल्या, ओल शोषणारा ड्रायर नवा घातला, तेल बदलले. नायट्रोजन भरून सांधे पुन्हा तपासले. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली, पंप बंद करून काटा हलतो का ते पाहत बसलो. काटा हलला नाही. तेव्हा कुठे वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून गॅस भरला. ‘‘जास्त भरला तरी गार करत नाही,’’ त्यांनी बजावले. ‘‘आणि स्वस्तात स्वयंपाकाच्या गॅससारखा गॅस भरून देणारा भेटला तर पळ काढा. गाडीत तो गळला आणि ठिणगी पडली तर?’’

त्या रात्री मी एक हिशेब केला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण शंभर वर्षांच्या मोजणीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवून धरतो. माझ्या गाडीतला अर्धा किलो गळला, म्हणजे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेल्यासारखे. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो बाहेर पडतो. म्हणजे एका उन्हाळ्याची गळती सुमारे ३०० लिटर पेट्रोलच्या धुराएवढी. एवढ्या पेट्रोलमध्ये माझी गाडी सोलापूरहून पुण्याला जाऊन येऊन आठ-नऊ फेऱ्या मारते. आणि मी दोनदा हे केले होते. ज्या उन्हाने अम्मीला घेरी आली, त्या उन्हात माझीही मूठभर भर होती. ती मूठ फार छोटी आहे, हे मला समजते. पण सगळ्यांच्या मुठी छोट्याच असतात.

जग आता या दुसऱ्या गळतीच्या मागे लागले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. आर-१३४ए सारखे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए चालत नाही. त्याच्या जागी आलेला नवा वायू हवेत काही दिवसांतच मोडून जातो. म्हणजे मिजलींनी टिकाऊपणा हा गुण मानला होता, आता न टिकणे हा गुण झाला आहे.

आणि ओझोनचे काय? २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार करार असाच पाळला गेला, तर बहुतेक जगावरचा ओझोन २०४० च्या सुमारास, आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. उशीर एवढा का? आर-१२ हवेत सरासरी शंभर वर्षे टिकतो. १९४० च्या त्या पॅकार्ड गाड्यांतून सुटलेल्या वायूचा काही भाग अजूनही आपल्या डोक्यावर आहे. गाड्या भंगारात गेल्या, कंपनी बंद पडली, मालक मातीत मिसळले. गॅस मात्र संपलेला नाही.

मामांचे बिल आधीच्या दोन बिलांच्या बेरजेपेक्षा थोडे जास्त झाले. त्यात त्या ओ-रिंगची किंमत सगळ्यात कमी होती. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा गॅस न भरताही गाडी गार होती. इंदापूरजवळ ते झाड आले. अम्मी झोपली होती. तिच्या अंगावरची ओढणी वाऱ्याने हलत होती. ती जागी झाली आणि म्हणाली, ‘‘जरा कमी कर, थंडी वाजते.’’

मी बटण एक घर मागे घेतले. तडकलेली ती जुनी कडी मी मामांकडून मागून घेतली होती. ती अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)